मेलेल्या कोंबडीचा हिशेब कोण ठेवतं?

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य.

विषय : बाजारातल्या कोंबडीच्या मांसातली रसायनं आणि ती तपासून घेण्याचा ग्राहकाचा हक्क.

महोदय,

नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या एका गल्लीत माझी खानावळ आहे. अठरा वर्षं झाली. रोजचे साठेक डबे आणि तीसेक ताटं. जेवणारी बहुतेक मुलं बाहेरगावची, कळवण-सटाण्याची, नंदुरबारकडची. बुधवारी आणि रविवारी चिकन असतं, आणि त्या दोन दिवसांची ती सोमवारपासून वाट बघतात. एका वेळेला बारा किलो माल लागतो. दारावर चौदा अंकी नोंदणी क्रमांक लावलेला आहे. उद्या माझ्या रश्श्याने एखाद्या मुलाला काही झालं, तर कायद्यापुढे पहिली मी उभी राहणार, आणि ते योग्यच आहे. जे मी शिजवते त्याची जबाबदारी माझी. पण जे मी विकत घेते त्यात काय आहे, हे मला कळायची सोय काय? एवढं विचारण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. उघडपणे लिहिते आहे, कारण हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. एरवी मी ठरलेल्या दुकानातून जिवंत पक्षी वजन करून, समोर कापून घेते. त्या आठवड्यात दुकानदाराच्या घरी लग्न होतं, म्हणून दुसऱ्या एका पुरवठादाराकडून ड्रेस केलेला, म्हणजे आधीच कापून साफ केलेला, माल मागवला. किलोमागे तीस रुपये स्वस्त पडला. मला तेव्हाच थांबायला हवं होतं. सकाळी साडेसातला माल आला, प्लास्टिकच्या पिंपात, बर्फाचा एक खडासुद्धा नाही. मेचा उकाडा, बर्फ नाही, आणि तरीही मांसाला वास नाही. कच्च्या कोंबडीला असतो तो साधा वाससुद्धा नाही. माझ्याकडे कामाला येणारी बाई माल धुवायला बसली आणि पाचच मिनिटांत पदराने डोळे पुसायला लागली. कांदा अजून चिरायलाही घेतला नव्हता. मी एक तुकडा बोटाने दाबून पाहिला. छातीचं मांस दाबलं की बोट थोडं रुतायला हवं. हे रबरासारखं परत वर आलं.

पुरवठादाराला फोन केला. तो म्हणाला, "ताई, मिठाच्या पाण्यातून काढून घ्या, काही होत नाही." दोन तुकडे डब्यात घालून मी एका खासगी प्रयोगशाळेत गेले. त्यांनी सांगितलं की नमुना सीलबंद नाही, कोंबडीतल्या फॉर्मेलिनची, म्हणजे मृतदेह सडू नये म्हणून वापरतात त्या रसायनाची, चाचणी त्यांच्या यादीत नाही, आणि दुसरीकडे पाठवून करून घ्यायची तर खर्च माझ्या बारा किलो मालाच्या किमतीपेक्षा जास्त. मी घरी आले. सगळा माल घंटागाडीत टाकला आणि वर फिनाईल ओतलं, कुणी उचलून नेऊ नये म्हणून. मुलांना त्या दिवशी अंडाकरी वाढली.

ते फॉर्मेलिन होतं का? मला आजही माहीत नाही. त्या पुरवठादाराचं नाव मी इथे लिहीत नाही, लिहू शकत नाही, कारण माझ्याकडे पुरावा म्हणून आहेत ते त्या बाईचे डोळे आणि माझं बोट. तो निर्दोषही असू शकेल. मग माझे पैसे आणि त्याचं नाव दोन्ही उगाच गेलं. आणि तो दोषी असेल, तर तोच माल दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खानावळीत शिजला असेल. या दोन्हींतलं काय खरं, हे सांगू शकणारा कागद कुठेच तयार झाला नाही. मला सगळ्यात जास्त हेच लागलं आहे.

फॉर्मेलिन आमच्या धंद्याला परकं नाही. सिन्नर तालुक्यात माझ्या भावाचं पाच हजार पक्ष्यांचं शेड आहे, करारावरचं. पिल्लं, खाद्य आणि औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी आणि रात्रीचं जागरण त्याचं. बॅच उठली की खालचं तूस काढायचं, शेड धुवायचं, चुना मारायचा, पडदे सोडायचे आणि फॉर्मेलिन व पोटॅशियम परमँगनेटची धुरी द्यायची. रिकाम्या शेडमध्ये ते योग्यच आहे. त्याशिवाय पुढच्या बॅचला रोग धरतो. पण याचा अर्थ असा की ते रसायन शोधायला कुणाला लांब जावं लागत नाही. शेडच्या कोपऱ्यात कॅन असतोच.

फॉर्मेलिन म्हणजे फॉर्मल्डिहाइड या वायूचं पाण्यातलं साधारण ३७ ते ४० टक्क्यांचं द्रावण. शवागारात वापरतात ते, कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरण्यांतले बेडूक ज्यात ठेवतात ते. प्रथिनांच्या साखळ्या ते एकमेकींना बांधून टाकतं. त्यामुळे मांस घट्ट होतं, जंतू मरतात, सडणं थांबतं. आजीच्या काळापासून आपण शिळं ताजं ओळखतो ते नाकाने आणि बोटाने. या दोन्ही साक्षीदारांना ते फितवतं, म्हणून ते मला इतर भेसळीपेक्षा वाईट वाटतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. त्यामागचा पुरावा मुख्यतः कारखान्यांत श्वासावाटे ते घेणाऱ्या कामगारांचा आहे, हेही मी प्रामाणिकपणे सांगते. एका ताटाने कर्करोग होतो असं म्हणून मला कुणाला घाबरवायचं नाही. पण पोटाच्या अस्तराला ते जाळतं, आणि आपल्या देशात अन्न टिकवण्यासाठी त्याला परवानगी नाही. थोडं चालेल, असा तिथे प्रश्नच येत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. ताज्या कोंबडीला कुणी फॉर्मेलिन लावत नाही, तिला गरजच नसते. ते लागतं जी फेकून द्यायला हवी होती तिला.

साधारण चाळीस दिवसांत ब्रॉयलर दोन किलोचा होतो. रात्री पक्षी पकडतात, क्रेटमध्ये भरतात, क्रेटवर क्रेट रचून गाडी निघते. उन्हाळ्यात गाडी घाटात किंवा टोलनाक्यावर अडकली की मधल्या क्रेटमधले पक्षी गुदमरतात. भाऊ म्हणतो, वजनकाट्यावर भांडणं होतात ती याच मरतुकीवरून, ती शेतकऱ्याच्या खात्यावर टाकायची की व्यापाऱ्याच्या. एकदा ते भांडण मिटलं की त्या मेलेल्या पक्ष्यांचं पुढे काय झालं, हे विचारणारं कुणी उरत नाही. खड्ड्यात चुना घालून पुरले तर हाती शून्य. कातडी काढून, तुकडे करून, ड्रेस मालात मिसळले तर किलोचा भाव. मेल्यावर कापलेल्या पक्ष्याचं रक्त नीट निथळत नाही, मांस काळपट लाल राहतं, लवकर खराब होतं. म्हणजे लपवायचं असेल तर घाई करावी लागते, आणि घाईत बर्फापेक्षा रसायन स्वस्त पडतं.

नैसर्गिक कारणाने मेलेल्या जनावराचं किंवा पक्ष्याचं मांस विकायला आणि खाद्यपदार्थात वापरायला अन्नसुरक्षेच्या नियमांतच मनाई आहे. नियम आहे, पण त्या पक्ष्याची मोजदाद नाही. किती भरले, किती जिवंत उतरले, किती मेले आणि मेलेले कुठे गेले, हे चार आकडे लिहिलेला कागद मी अठरा वर्षांत कुठल्याही गाडीबरोबर पाहिलेला नाही. दुधाच्या टँकरबरोबर कागद येतो. कोंबडीच्या गाडीबरोबर येते ती दराची चिठ्ठी.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. इंडोनेशियात जावा बेटावरच्या बाजारांत अशा कोंबडीला लोकांनी नावच देऊन टाकलं आहे : 'तिरेन'. काल मेलेली, या अर्थाच्या त्यांच्या शब्दांचं ते लघुरूप. तिथल्या बाजारांत तिरेन कोंबडी आणि फॉर्मेलिन लावलेली कोंबडी यांच्यावर छापे पडतात ते जोडीनेच. बाजारात एखाद्या गोष्टीला टोपणनाव पडतं तेव्हा ती नवी राहिलेली नसते. आपल्याकडे तिला अजून नाव नाही, म्हणून ती नाही असं आपण समजून चाललो आहोत.

आपण म्हणाल, तक्रार आली की आम्ही नमुना घेतो. घेत असाल. दिवाळीआधी खवा, तूप, तेल यांवर आपली मोहीम असते, बातम्या येतात, फोटो येतात. त्याने भेसळ करणाऱ्यांना वचक बसतो, हे मी व्यापाऱ्यांच्या तोंडून ऐकलं आहे. तशीच मोहीम गटारीच्या आधीच्या आठवड्यात कोंबडीवर का नको? आषाढ संपता संपता, धुळवडीला, ३१ डिसेंबरला कोंबडीची मागणी दुप्पट होते आणि जुना माल नव्यात मिसळायला तेव्हाच वाव मिळतो. आणि नमुने दुकानातून दुपारी घेऊ नका. समोर कापून देणारा दुकानदार शेवटचा आणि त्यातल्या त्यात स्वच्छ दुवा आहे. पहाटे चार ते सात या वेळात हॉटेलांना, ढाब्यांना, खानावळींना, चायनीजच्या गाड्यांना ड्रेस माल पोचतो. त्या पिंपांची झाकणं उघडा.

जागेवरच्या चाचणीबद्दल मात्र एक विनंती आहे, आणि त्यासाठी गोव्याची आठवण काढावी लागते. २०१८ च्या जुलैत मडगावच्या घाऊक मासळी बाजारात परराज्यातून आलेल्या मासळीची गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाने चाचणीच्या किटने जागेवर तपासणी केली. फॉर्मेलिन दिसलं. मग प्रयोगशाळेचा अहवाल आला की प्रमाण मर्यादेत आहे. लोकांनी विचारलं, जे घालायचंच नाही त्याची मर्यादा कसली? गोंयकाराच्या ताटातली मासळी गेली. बाहेरून येणाऱ्या मासळीवर सरकारला काही दिवस बंदी घालावी लागली. समुद्री माशात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य असतं. मासा मेल्यावर ते तुटतं आणि त्यातून थोडं फॉर्मल्डिहाइड आपोआप तयार होतं. म्हणजे फॉर्मल्डिहाइड सापडणं आणि ते वरून घातलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे पहिल्याच दिवशी, कोळणीला आणि गृहिणीला समजेल अशा शब्दांत सांगायला हवं होतं. ते झालं नाही, आणि किट खरं की अहवाल खरा या वादात विश्वास गेला तो गेलाच.

त्याच वर्षी केरळने 'ऑपरेशन सागर राणी' राबवून सीमेवरच फॉर्मेलिनची मासळी पकडली. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने बनवलेली कागदी पट्टीची चाचणी तिथे उपयोगी पडली. काही मिनिटांत रंग बदलतो. कोंबडीच्या मांसात ते समुद्री माशातलं द्रव्य तसं नसतं, म्हणून कोंबडीच्या बाबतीत निकाल लावणं तुलनेने सोपं जायला हवं. तरीही थोडं फॉर्मल्डिहाइड कुठल्याही मांसात निसर्गतः असतं. म्हणून आधी आपल्या प्रयोगशाळेने ताज्या, समोर कापलेल्या कोंबडीत ते किती असतं ते मोजून जाहीर करावं. गावरान, ब्रॉयलर, अंडी देऊन थकलेली लेअर, तिन्ही मोजा. मग पट्टीवर रंग आला की पुढचा अहवाल येईपर्यंत कुणी कुणावर खोटेपणाचा आरोप करणार नाही. पट्टीने संशय धरायचा आणि शिक्षा अहवालाने ठरवायची, एवढं सगळ्यांना आधीच माहीत असू द्या.

आकडे नसले की त्यांच्या जागी अफवा येते, हे कोंबडीच्या धंद्याइतकं कुणी भोगलेलं नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हा जे पक्षी मारावे लागले ते मारले, पण शेकडो किलोमीटर लांबच्या निरोगी शेडमधलेही पक्षी कुणी घेईना. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर आपल्या राज्यात कोंबड्यांना रोग नव्हताच. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, एवढ्या एका मोबाइलवरच्या निरोपाने भाव कोसळले. माझा भाऊ त्या महिन्यात शेडच्या दाराशी बसून असायचा. कंपनीने पक्षी उचलले नाहीत, खाद्य संपत आलं होतं, आणि गावातली माणसं त्याच्या अंगणातून जाताना तोंडाला रुमाल लावायची. फॉर्मेलिनचा असाच एक व्हिडिओ उद्या फिरेल. खरा असेल किंवा खोटा. त्या दिवशी आपल्याकडे दाखवायला काय असेल? मागच्या बारा महिन्यांत नाशिक, पुणे, नागपूर, मुंबईत इतके नमुने घेतले, इतक्यांत काही सापडलं नाही, इतक्यांत सापडलं आणि त्यांच्यावर ही कारवाई झाली, असं मराठीत लिहिलेलं एक पान असेल, तर भावासारखी माणसं वाचतील. दर महिन्याला ते पान निघावं. बाजाराच्या फाटकावर आणि वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर लागावं. प्रामाणिक दुकानदाराला त्याचाच आधार होईल, कारण आज त्याच्याकडे स्वच्छ असल्याचा पुरावा द्यायला काहीच नाही.

औषधांच्या अंशाबद्दल इथे थोडक्यातच लिहिते, कारण त्यावर माझ्यापेक्षा जाणकारांनी लिहिलं आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०१४ मध्ये दिल्ली आणि परिसरातले कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, त्यांतल्या ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश निघाले. केंद्र सरकारने २०१९ च्या जुलैत अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिन हे प्रतिजैविक वापरायला बंदी घातली, कारण माणसाच्या आजारात इतर औषधं हरतात तेव्हा डॉक्टर त्याच्याकडे वळतात. माझी विनंती एवढीच की जो नमुना फॉर्मेलिनसाठी घ्याल, त्याचीच कलेजी औषधांच्या अंशासाठीही पाठवा. मुलं कलेजी-पेटा आवडीने मागतात. वेगळी मोहीम नको, वेगळी गाडी नको.

बर्फाचं मात्र आपल्या एकट्याच्या खात्याने भागणार नाही, हे मला कळतं. कच्चं मांस पाच अंशांच्या आत राहिलं तर त्याला रसायनाची गरजच उरत नाही. पण छोट्या पुरवठादाराकडे असतो तो टेम्पो आणि ताडपत्री. बर्फ विकत घ्यायचा म्हणजे किलोमागे भाव वाढणार, आणि भाव वाढला की माझ्यासारखीच खानावळवाली दुसऱ्याकडे जाणार. मी गेले होते ना, तीस रुपयांसाठी. नगरपालिकांच्या मटण-मच्छी बाजारात थंड खोली आणि मेलेल्या पक्ष्यांसाठी रोज फिरणारी गाडी या दोन गोष्टी झाल्या, तर मोह बराचसा तिथेच संपेल. नगरविकास आणि पशुसंवर्धन या दोन्ही खात्यांकडे हा विषय आपण मांडावा. आपल्या शब्दाला जे वजन आहे ते माझ्या शब्दाला नाही.

शेवटची गोष्ट माझ्या हक्काची आहे. माझ्याकडे जेवायला येणारा एक मुलगा कायदा शिकतो. त्याने मला अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मधलं चाळिसावं कलम वाचून दाखवलं. त्यात लिहिलं आहे की विकत घेणारा कुणीही ग्राहक ठरलेली फी भरून अन्न विश्लेषकाकडून आपला माल तपासून घेऊ शकतो. माल नियमात बसत नाही असं निघालं तर फी परत मिळते आणि अहवाल पुढच्या कारवाईसाठी आपल्या पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे जातो. अट एकच : घेतानाच विक्रेत्याला सांगायचं की हा माल मी तपासायला देणार आहे. हे ऐकून मी थक्क झाले. इतकं चांगलं कलम इतकी वर्षं पुस्तकात आहे, आणि आमच्या गल्लीतल्या चार खानावळींत, दोन केटरर्सकडे, कुणालाही ते ठाऊक नव्हतं. मे महिन्यात मला ठाऊक असतं तर मी तो माल फिनाईल ओतून टाकला नसता.

ते कलम वापरायचं तर मला चार गोष्टी कळायला हव्यात : कोंबडीचा नमुना किती ग्रॅमचा द्यायचा, कशात बांधायचा, वाटेत थंड कसा ठेवायचा आणि फी किती. एका पानाचं मराठी पत्रक पुरेल. प्रत्येक नोंदणी क्रमांकाबरोबर ते द्या, आम्ही ते क्रमांकाच्या शेजारीच लावू. घेतानाच सांगायच्या अटीची भीती मला वाटत नाही, उलट ती मला आवडली. मालाचं झाकण उघडण्याआधी "हा तपासायला जाणार आहे" असं विक्रेत्याच्या तोंडावर सांगता येणं, हेच अर्धं काम आहे.

येत्या रविवारी मला पुन्हा बारा किलो लागणार आहे. माझा नेहमीचा दुकानदार आहेच, पण गल्लीतल्या आम्ही चौघींनी ठरवलं आहे की प्रत्येकीने महिन्यातून एकदा, चाळिसाव्या कलमाप्रमाणे आधी सांगून, अर्धा किलो माल तपासायला द्यायचा, मग तो कुणाकडूनही आलेला असो. फीचे पैसे आम्ही वर्गणीने काढले आहेत. पहिलं पाकीट माझं. सकाळी साडेसातला माल येतो, आठपर्यंत मी ते बर्फात बांधून तयार ठेवते. नाशिकमध्ये ते कुठल्या खिडकीवर, किती वाजेपर्यंत आणून द्यायचं, तेवढं कळवावं.

आपली,
एक खानावळ चालवणारी,
नाशिक